बाई फोन उचलतात

फोन वाजला की तो उचलायचा, हा आमच्या बाईंचा धर्म होता. फोन कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा. वर्गात पकडलेला एखाद्या पोराचा मोबाईल त्यांच्या टेबलावर थरथरायला लागला, की बाई चष्मा कपाळावर सरकवून तो कानाला लावत आणि खणखणीत आवाजात सांगत, "हा मोबाईल सध्या शाळेच्या ताब्यात आहे. मी पर्यवेक्षिका बोलते आहे. आपण कोण?"

समोरचा माणूस बहुतेक वेळा घाबरून फोन ठेवून द्यायचा. पण काही बिचारे ठेवायला विसरत. एकदा एका पोराच्या मित्राने तिकडून सुरुवातच केली, "अबे कुठेयस? चल ना, बंक मारूया." बाईंनी अतिशय प्रेमाने विचारलं, "बाळा, तू कुठल्या शाळेत असतोस रे?" त्या मायाळू आवाजाला भुलून तो शाळेचं नाव सांगून बसला. बाईंनी त्याच दुपारी त्या शाळेत फोन लावून त्याचाही मोबाईल जप्त करवला. स्वतःच्या शाळेच्या हद्दीबाहेर जाऊन जप्ती करणाऱ्या शिक्षिका मी दुसऱ्या पाहिलेल्या नाहीत.

कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलींशीही त्या बोलत. "कर्ज नको गं. पण तुझा आवाज का बसलाय? जेवलीस का?" मग ती मुलगी कुठली, घरी कोण असतं, दिवसाला किती लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, हे सगळं बाईंना कळे आणि पुढच्या तासाला भूगोलाच्या धड्यात 'सेवा क्षेत्र' आलं की ती मुलगी उदाहरण म्हणून हजर होई.

मी त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या हाताखाली भूगोल शिकलो, पुढे बीएड करून त्याच शाळेत गणित शिकवायला लागलो. त्यामुळे मुलांसमोर मी त्यांच्यासाठी 'सर' होतो आणि स्टाफरूमचं दार बंद झालं की 'अरे गाढवा'. या दोन पदांमध्ये मला कधीच अडचण वाटली नाही. दुसऱ्या पदावर बढती नव्हती, एवढंच.

आमची शाळा कल्याणजवळच्या मोहन्याची, मराठी माध्यमाची. कंपनी चालू होती तेव्हा कामगारांच्या पोरांनी भरलेली असायची. कंपनी बंद पडली, क्वार्टर ओस पडले, आणि आता येतात ती आंबिवली-अटाळीकडची पोरं. कोणाचा बाप रिक्षा चालवतो, कोणाची आई चार घरची कामं करते, आणि काही जुन्या गावकऱ्यांची, ज्यांच्या शेतांवर बिल्डरांचे टॉवर उभे राहिले. शेवटच्या गटातल्या पोरांचे मोबाईल आमच्या हेडसरांच्या मोबाईलपेक्षा महागाचे असत.

असा महागाचा मोबाईल बाईंच्या हाती लागला, की त्या त्याला 'पाहुणे' म्हणत. "आज तीन पाहुणे आलेत," असं त्या पानसुपारीच्या सुरात सांगत. प्रत्येक पाहुण्याला जुन्या साडीच्या कापडाची एकेक पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली होती. पिशवीवर पोराचं नाव. पिशव्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाशेजारी हरतऱ्हेचे चार्जर ओळीने लावलेले. लोकांची वस्तू नेली तशी परत द्यावी, उलट जरा बऱ्या अवस्थेतच द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जप्त झालेला मोबाईल शाळा सुटताना पालकाच्या हातात पडे तो पूर्ण चार्ज होऊन. पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी मोहन्यात वीज जायची, त्या दिवशी बाईंकडे पाहुण्यांची रीघ लागायची.

"बाई, हे मुद्दाम पकडले जातायत," मी एकदा सांगितलं.

"मला कळत नाही का ते?" बाई म्हणाल्या. "पण तेवढा वेळ मोबाईल माझ्याकडे राहतो ना? मग बोंबलत का आहेस?"

मोबाईल न्यायला पालकांनीच यायचं, हा नियम बाईंचाच. आलेल्या पालकाला त्या आधी बसवत, चहा मागवत, मग झाडत. एक जाडजूड सोनसाखळीवाले गृहस्थ तावातावात आले होते. "बाई, पोराला मोबाईल मीच घेतलाय. त्याचे वाढदिवसाला. त्यात गुन्हा काय?"

"काही गुन्हा नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला घोडा घेऊन दिला असतात तरी मी काही म्हटलं नसतं. फक्त वर्गात आणू देणार नाही. बिस्किट घ्या."

गृहस्थांनी बिस्किट घेतलं. पुढे दर गौरी-गणपतीला त्यांच्या घरून बाईंना जेवायचं बोलावणं यायला लागलं.

एवढं सगळं असून बाईंचा स्वतःचा फोन मात्र साधा बटणांचा होता, आणि स्क्रीनकडे बघायचं असतं हे त्यांना कित्येक वर्षं पटलं नाही. जप्त मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला तरी तो त्या कानालाच लावत. त्यामुळे बऱ्याच पालकांना बाईंचं प्रथम दर्शन झालं ते त्यांच्या कानाचं. कुडीसकट. मी कितीदा समजावलं. "अरे, माणूस बोलतंय ते कानाने ऐकायचं असतं," त्या म्हणत. "त्यात तोंड काय बघायचंय?"

यावरून त्या जुन्या वळणाच्या, नव्याच्या वैरी होत्या असं कोणी समजेल. तसं काही नव्हतं. आमच्या हेडसरांनी मोठ्या खटपटीने देणगीतून डिजिटल फळा आणला, तेव्हा आम्ही तरुण मास्तर त्याच्या वायरी बघत उभे होतो आणि बाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर आकाशातून दिसणारं मोहने काढून दाखवलं. मग वर्गात नुसता गोंधळ. "बाई, माझं घर! निळं प्लास्टिक टाकलंय ते!" "बाई, जरा डावीकडे घ्या ना!" प्रत्येकाचं छप्पर सापडेपर्यंत बाईंनी तास सोडला नाही. एक पोरगा टॉवरवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, इथे आमचं शेत होतं. आजोबा अजून सकाळी तिकडे बघून हात जोडतात." बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापल्या आजी-आजोबांकडून जुन्या शेतांची नावं विचारून आणायला लावली आणि ती बोटाने त्या फळ्यावर, त्या टॉवरांवर लिहिली. तो तास चालू असताना मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. इतका चांगला तास मी आजवर घेतलेला नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीत आम्ही सगळे लिंका पाठवण्यात गर्क असताना बाई आपल्या बटणांच्या फोनवरून एकेका मुलाला फोन करून भूगोल शिकवत होत्या. घरात एकच मोबाईल, तो बापाच्या खिशात, अशा पोरांना रात्री जेवणानंतर. पलीकडे स्पीकरवर पोराबरोबर आई, आजी, शेजारीण असं सगळं ऐकायला बसलेलं. वाजलेला फोन उचलल्याशिवाय राहवत नाही, ही खोड त्यांना तेव्हापासून लागली असं मला वाटतं. पण हेही माझंच शास्त्र. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी गाढव म्हटलं असतं.

आता प्राजक्ताचं सांगतो.

प्राजक्ता माझ्या वर्गातली, दहावीची. बोलायला कमी, हाताने चलाख. आईचं आंबिवली स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र, वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. एवढंच मला माहीत होतं. एके दिवशी माझ्याच तासाला तिच्या दप्तरात मोबाईल वाजला आणि मी नियमाप्रमाणे तो नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवला. मी तिथेच खुर्चीत टेकलो होतो, तेवढ्यात तो पुन्हा वाजला. बाईंनी उचलून कानाला लावला.

"मी पर्यवेक्षिका बोलते आहे. आपण कोण?" पलीकडून काही नाही. नुसते भांड्यांचे आवाज. "बोला, बोला! आवाज येत नाही तुमचा!"

मी वाकून बघितलं. "बाई, व्हिडिओ कॉल आहे. समोर धरा."

बाईंनी कुरकुरत फोन समोर धरला. कोपरापर्यंत पीठ लागलेली एक बाई स्क्रीनमध्ये उभी होती आणि तिचे हात भराभर हलत होते. बाईंनी आवाज आणखी चढवला, "काय म्हणताय?" तेव्हा तिने हात थांबवले, एक बोट कानाला लावलं आणि पंजा नकारार्थी हलवला. मग तेच ओठांना.

बाईंचा आवाज बंद झाला. असं होताना मी प्रथमच पाहिलं.

शिपाईमामांनी प्राजक्ताला बोलावून आणलं. ती आली तीच पांढरीफटक. तिने मोबाईल बाईंच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलाला टेकवून उभा केला आणि दोन्ही हातांनी आईशी बोलायला लागली. मग फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "काका, मटकी संपलीय. डाळ चालेल का? हां, अर्धा डबा. पैसे कालचेच घेतलेत तिने, आजचे द्या." कोणी गिऱ्हाईक आईवर ओरडत होतं, त्याचा निकाल लागला. फोन बंद झाला.

"बाई, कोणाला सांगू नका ना, प्लीज," प्राजक्ता म्हणाली. "पाचवीला सगळ्यांना कळलेलं. वर्षभर पोरं हातवारे करून चिडवायची. म्हणून तर शाळा बदलून इकडे आलेले मी."

"पण मोबाईल शाळेत का?" बाईंनी विचारलं.

मग तिने सांगितलं. गिऱ्हाइकांचं एक वेळ ठीक, ती दोन शिव्या देऊन निघून जातात. पण मागच्या वर्षी दुकानाच्या मागच्या भिंतीत वायर जळाली. बाहेरून लोक ओरडत होते आणि आई पाठमोरी पोळ्या लाटत उभी. एका रिक्षावाल्याने आत घुसून तिला ओढून काढलं. तेव्हापासून मायलेकींचं ठरलं होतं, काहीही वाटलं की फोन करायचा. "मोबाईल नाही आणला तर माझं लक्षच लागत नाही, बाई. मामा बोलतो, शाळा सोड, दुकानात बस, दहावीला बाहेरून बस. मला पण तेच बरं वाटायला लागलंय."

बाहेरून दहावीला बसतो म्हणालेली किती पोरं खरंच बसतात, ते मला आणि बाईंना दोघांनाही माहीत होतं. शाळा सुटली की सुटली.

बाईंनी पृथ्वीगोल एकदा फिरवला. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुझा मोबाईल रोज जप्त."

प्राजक्ता रडायच्या बेतात आली. बाई म्हणाल्या, "ऐकून तर घे, अगं. रोज सकाळी गेटवर मी तुला पकडणार. चारचौघांत बोलणार. मोबाईल माझ्या टेबलावर राहणार, शाळा सुटून सगळे गेले की तुझ्याच हातात. आईचा फोन आला की मी तुला झाडायला बोलावणार. तू यायचं, आईशी बोलायचं, आणि जाताना तोंड पाडून जायचं. जमेल?"

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेत ते नाटक सुरू झालं. बाई भूगोलाच्या, पण त्यांच्यात एक नटी दडलेली होती हे मला तेव्हा कळलं. गेटवर सगळ्या पोरांदेखत त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "आज पुन्हा? काही लाज? आण इकडे!" प्राजक्ता मान खाली घालून मोबाईल देई. मग दिवसातून कधी एकदा, कधी तीनदा शिपाईमामा वर्गाच्या दारात येत, "प्राजक्ताला बाईंनी बोलावलंय. बोलणी खायला."

वर्गाला तिची दया यायला लागली. मुली तिच्या वहीत चॉकलेटं ठेवत. मुलांमध्ये तिचा भाव एकदम वधारला. "भाई, रोज पकडतात तरी रोज आणते! डेरिंग बघ!" स्टाफरूममध्येही कुजबुज झाली, की बाई त्या गरीब पोरीच्या अगदी हात धुऊन मागे लागल्यात, रिटायरमेंट जवळ आली की माणूस असंच करतं. बाई हे ऐकत आणि चहात बिस्किट बुडवत. मला मात्र हसू दाबताना नाकी नऊ येत.

कधी प्राजक्ताला यायला उशीर होई, तेव्हा बाई स्वतः फोन घेत. समोर धरून, बरं का. 'थांब', 'येतेय', 'संपलं' एवढ्या खुणा त्यांनी प्राजक्ताकडून शिकून घेतल्या होत्या. एकदा त्यांनी 'पोरगी जिन्यात आहे, येतेच आहे' असं हातांनी सांगितलं आणि पलीकडे प्राजक्ताची आई पोळपाटाला धरून हसायला लागली. नंतर प्राजक्ता म्हणाली, "बाई, तुम्ही तिला सांगितलंत की मी भाजीत पडलेय." बाई मनापासून हसल्या. त्यांना चुकल्याची लाज कधी वाटायचीच नाही, मला आजही फळ्यावर गणित चुकलं तर घाम फुटतो.

पण या नाटकात एक घोळ होता. दिवाळीनंतर हेडसरांनी 'मोबाईलमुक्त वर्ग' नावाची मोहीम काढली. माणूस भला, उत्साही, पण कुठलीही गोष्ट मोबाईलवर टाकल्याशिवाय त्याला झाल्यासारखी वाटत नसे. हजेरी ॲपवर, पोषण आहाराचा फोटो ॲपवर, आणि आता मोबाईलमुक्तीही ॲपवर. त्यांनी बाईंकडे जप्तीचा हिशेब मागितला. तो बघून ते हादरले. तिच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांचे मिळून जेवढे, त्याच्या दुप्पट एकट्या प्राजक्ताचे.

"बाई, ही मुलगी म्हणजे कमाल आहे," ते म्हणाले. "पालकसभेत हिच्या आईला बोलवा. सगळ्यांसमोर समज द्यायची. ऐकलं नाही तर दाखला हातात द्यायचा. एक उदाहरण घालून दिलं की बाकीचे सुधारतील."

"तसं करू नका," बाई म्हणाल्या.

"का? नियम तुमचाच आहे ना?"

आपलेच दात नि आपलेच ओठ. सांगावं तर पोरीला दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर पोरगी जाते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी चहा घेतला नाही. मी म्हटलं, "बाई, मी सांगू का सरांना?" तर मला म्हणाल्या, "तू तुझे त्रिकोण सांभाळ." दुपारी त्यांनी प्राजक्ताला बोलावून घेतलं आणि विचारलं, हेडसरांना कळलं तर चालेल का, फक्त हेडसरांना. तिने जमिनीकडे बघतच होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तेव्हा बाई तो वाजणारा मोबाईल घेऊन तडक हेडसरांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी काहीतरी सहीचं निमित्त काढून मागोमाग. बाईंनी मोबाईल सरांच्या हातात दिला. "पालकांना समज द्यायची होती ना? घ्या. आईचाच आहे."

हेडसर सरसावून बसले. "नमस्कार मॅडम, मी मुख्याध्यापक बोलतोय. तुमच्या मुलीविषयी," असं म्हणत त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. समोर ती बाई हातांनी काहीतरी सांगत होती. सरांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. तिने बोट कानाला लावलं, पंजा हलवला. तेवढ्यात प्राजक्ता धापा टाकत दारात आली आणि हेडसरांना पाहून तिथेच थबकली. बाईंनी तिला हात धरून आत घेतलं. तिने सरांच्या हातातल्या मोबाईलसमोरच उभं राहून आईशी बोलणं केलं. गॅसवाला आला होता, त्याला सिलिंडर कुठे ठेवायचा ते सांगितलं. तोपर्यंत सर उठून, मोबाईल दोन्ही हातांनी धरून ताठ उभे होते.

ती गेल्यावर ते खाली बसले. पाणी प्याले. मग म्हणाले, "आपण नियमात एक पोटकलम टाकू. 'विशेष परिस्थितीत' वगैरे."

"काही टाकू नका," बाई म्हणाल्या. "लिहिलंत की नोटीस बोर्डावर लागणार, लागली की सगळे विचारणार, विशेष कोण? माझं चाललंय ते चालू द्या. मी जप्त करते आहे, करू द्या."

"पण ॲपवर आकडा..."

"माझ्या नावावर टाका. म्हणावं, बाई मोबाईल फार वापरतात."

हेडसर हसले. त्या दिवसापासून गेटवर बाई प्राजक्तावर ओरडायला लागल्या की तेही दुरून एकदोन शब्द ओरडत. त्यांचा अभिनय अगदीच वाईट होता.

पुढे पूर्वपरीक्षा आली. अगदी बोर्डासारखं वातावरण हवं म्हणून सगळे मोबाईल बंद करून कुलपात, बाईंच्या टेबलावरचाही. बाईंची सुपरव्हिजन वरच्या मजल्यावर, माझी प्राजक्ताच्या वर्गावर. पेपर मराठीचा. प्राजक्ता सुरुवातीला भरभर लिहीत होती. मग तिचं पेन थांबलं. ती खिडकीकडे बघायला लागली, मग घड्याळाकडे, मग पुन्हा खिडकीकडे. अर्धा पेपर कोरा टाकून ती उठली. मी म्हटलं, "बस गं, वेळ आहे अजून." तर म्हणाली, "सर, नाही होत," आणि गेली. बाकीच्या पेपरांनाही तेच. कल्याणच्या परीक्षा केंद्रावर तर मोबाईल फाटकाच्या आतही नेता येणार नव्हता, आणि पेपरची वेळ म्हणजे पोळी-भाजीच्या ऐन गर्दीची.

"अशीच उठत राहिली तर नापास होईल, बाई," मी म्हटलं. "गेली मग दुकानात कायमची."

बाईंनी नुसतं "हं" केलं. मला त्यांचा थोडा रागच आला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त होत होत्या, त्यांचं चित्त थाऱ्यावर नसणार, अशी मी समजूत घातली.

निरोपसमारंभ चांगला झाला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एक स्मार्टफोन दिला. त्यांनी तो पिशवीतून काढून उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अखेर एक पाहुणा माझ्याकडे राहायला आला." मुलं रडली. सगळ्यात जास्त प्राजक्ता. ते बघून तिच्या मैत्रिणी बुचकळ्यात पडल्या, की रोज हिला झाडणाऱ्या बाई गेल्या तर हिला एवढं काय झालं.

बाईंचा मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. विसाव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार होती, पडद्यांसकट. निवृत्त झाल्या की लगेच जायचं, असं वर्षभर ठरलेलं. पण बाई जाईनात. मुलाचा मलाच फोन आला, "सर, तुम्ही तरी समजवा ना आईला. मार्च संपू दे म्हणते. शाळा सुटत नाहीये तिच्याने." मलाही तसंच वाटलं. अशी माणसं रिकामी झाली की सैरभैर होतात. आठवडाभर फोन केला तर उचलेनात. बाई आणि फोन उचलत नाहीत! मी घाबरून त्यांच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या रोज सकाळी डबा घेऊन बाहेर जातात, दुपार टळल्यावर येतात, कपड्यांना पीठ लागलेलं असतं. मला काही उमगेना.

बोर्डाचा पहिला पेपर मराठीचा. त्या दिवशी मला सुपरव्हिजन नव्हती. घरी बसवेना. प्राजक्ता तिकडे केंद्रावर खिडकीकडे बघत बसली असेल, असंच डोळ्यांसमोर येत होतं. निदान तिची आई ठीक आहे ना ते बघावं, म्हणून आंबिवली स्टेशनकडे गेलो.

पोळी-भाजी केंद्रासमोर गर्दी होती. आणि काउंटरमागे, स्टुलावर, पदर खोचून आमच्या बाई बसल्या होत्या.

"सहा पोळ्या, एक वांगं," समोरचा माणूस म्हणाला. बाईंनी ओट्यावर दोनदा थाप मारली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या पोळ्या लाटणाऱ्या प्राजक्ताच्या आईच्या हाताला त्या थापेचा हादरा जाणवला, तिने वळून पाहिलं. बाईंनी सहा बोटं दाखवली आणि मग मुठीवर एक बोट देठासारखं उभं धरलं. ते वांगं. डबा भरून पुढे आला. आम्ही दिलेला नवा मोबाईल वाजला, बाईंनी उचलला, "हो, हेच केंद्र. चार माणसांचं? अर्ध्या तासात या," आणि पुन्हा थाप. महिनाभर त्या रोज इथे येऊन हेच शिकत होत्या. दुकानात शिकताना हातच मोकळे नसत, मग माझे फोन कोण उचलणार!

मला तिथे भर रस्त्यात रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"असा काय बघतोयस?" बाई म्हणाल्या. "घ्यायचं असेल तर रांगेत ये. मी पोरीला सांगितलंय, 'तू पेपरला तिकडे आहेस तोवर इथून मी हलत नाही. माझ्यावर विश्वास असेल तर बस पूर्ण वेळ.'"

मी रांगेत उभा राहिलो, पोळी-भाजी घेतली, आणि तिथेच एका बाकावर ती खात बसलो. पेपर सुटायची वेळ टळली. गर्दी ओसरली. बाईंचं लक्ष आता रस्त्याकडे होतं. ओट्यावरच्या थापा चुकायला लागल्या, एकाला भेंडीऐवजी बटाटा गेला. प्राजक्ताच्या आईने लाटणं थांबवलं होतं. तीही दाराकडेच बघत होती.

रिक्षातून प्राजक्ता उतरली. हातात पॅड, बोटांना शाई. ती धावतच दुकानात शिरली आणि पहिल्यांदा बाईंकडे वळली. "बाई, पूर्ण वेळ बसले! घंटा होईपर्यंत लिहीत होते. दोन पुरवण्या लावल्या, बाई!"

आईने हनुवटी वर करून विचारलं, काय झालं? प्राजक्ताने हात उचलले, तर बाईंनी तिला अडवलं. "तू पाणी पी. तिला मी सांगते."

पुरवणीची खूण त्यांना माहीत नव्हती. त्या क्षणभर अडल्या. मग त्यांनी एक तळवा कागदासारखा धरला, दुसऱ्या हाताने त्यावर लिहिलं, लिहीत लिहीत अगदी तळापर्यंत गेल्या, आणि कागद भरल्याचं दाखवलं. मग वर हात करून आणखी एक कागद मागितला. तोही भरला. आणखी एक. मग हवेत दोरा ओवून सगळ्या कागदांना एक घट्ट गाठ मारली.

प्राजक्ताच्या आईने एकदा लेकीकडे पाहिलं. लेकीने मान डोलावली. तेव्हा तिने ओट्याला वळसा घालून पुढे येऊन बाईंचे दोन्ही हात आपल्या पिठाच्या हातांत घट्ट धरले. बाईंना अजून बरंच सांगायचं होतं, पण हातच मोकळे नव्हते.